सौगंध बापाची, कोंबडी रूपीची

उपडी टोपली, तिच्यावर दगड. पळसाच्या पानाखाली वाटलेली मिरची आणि लसूण. कापूस वेचणीतला मंगळवार. फत्तेसिंगाने भांडणात भर पंचांत खाल्लेली सौगंध: "धानोराना करणसिंगकरता मी कोंबडी कापाव नही!"

त्यांच्यात मागणी घालायला आलेल्यांना कोंबडी वाढली की पोर दिली. नुसती चटणी-भाकर वाढली की नकार.

फत्तेसिंगाची रूपी वेचणीहून घरी पोचली, तर अंगणात करणसिंग आणि मागे त्याचा मुलगा छगन, मान खाली घालून. रूपीला नवरा हवा होता तो हाच.

"मागणी लई उनूत, पोरी," मागणी घेऊन आल्याचं करणसिंगाने सांगितलं.

"बठा, पाय धुवा! बा येवामाच शे."

टोपली उचलली. पिसं उडाली. मिरची कोणी वाटून ठेवली, हे विचारायला वेळ नव्हता. चूल फुंकताना रूपीला हसू आवरेना. कोंबडी कोवळी होती. पाहुण्यांनी चिलीम दुसऱ्यांदा भरली तोवर रस्सा उकळून वर आला.

फत्तेसिंग दारात आला तेव्हा छगन तंगडी चोखत होता.

"कोनी कापी मन्ही कोंबडी?" तो गरजला.

"मी, बा. सौगन तुन्ही शे, मन्ही नही."

करणसिंगाला हसता हसता ठसका लागला. "बठा याही, आते जेवाले बठा!" त्याने फत्तेसिंगाला व्याही करूनही टाकलं.

फत्तेसिंगाने कपाळाला हात लावला. मग तोच हात धुतला आणि ताट पुढे ओढलं.

सकाळी रूपी वेचणीला गेल्यावर त्यानेच धानोऱ्याला मागणी घालायला येण्याचा निरोप धाडला होता, कोंबडी टोपलीखाली झाकली होती आणि पाट्यावर मिरची वाटली होती.