बुखाऱ्याचा गालिचा

बुखाऱ्याहून आणलेल्या जुन्या, हातानं गाठी मारून विणलेल्या लोकरी गालिच्यावर अच्युतराव कुणाला पाय ठेवू देत नसत. त्यांच्या लेकीला, मैथिलीला, बघायला आलेली मंडळीसुद्धा भिंतीला चिकटून खुर्च्यांपर्यंत पोचली.

तेवढ्यात मुलाच्या हातून चहाचा कप गालिच्यावर उपडा झाला. मुलानं झटकन अंगातला नवाकोरा रेशमी कुडता काढून डागावर दाबला.

“घासू नका!” अच्युतराव कळवळले.

“नाही काका, नुसतं टिपतोय. घासलं तर लोकर खराब होईल.”

अच्युतरावांचे डोळेच पाणावले. “ठरलं! जावई हाच!”

“अहो, मैथिलीला तरी विचारा,” बायको म्हणाली.

मैथिलीनं गुडघे टेकून बसलेल्या मुलाकडे नीट पाहिलं.

“बनियनला भोकं आहेत,” ती हसू दाबत म्हणाली, “पण मला चालेल.”