तिसरा कौल

पहिली पाकळी उजवीच पडली.

रुचिताने आईचा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. देवीच्या दोन्ही खांद्यांना गुरव फुलाची ओली पाकळी लावतो. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आणि ठरलं तर हेच होतं. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या दीड खोलीत सगळ्यांसमोर तिचा बाप उत्तम छाती ठोकून म्हणाला होता, "गावच्या देवीला कौल लावू. तिने उजवा दिला तर त्या सूरजच्या घरी मी स्वतः नारळ घेऊन जाईन."

सूरज विठ्ठलवाडीचा. कल्याणला एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. निर्व्यसनी, कमावता, रुचितावर जीव टाकणारा. फक्त जातीतला नव्हता. म्हणून उत्तम, त्याची बायको जया, मुलगी रुचिता आणि म्हातारी आई गंगुबाई पहाटेच भाड्याची गाडी करून, शीळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत, समुद्राकाठच्या या देवीला आले होते. बाहेर पर्यटकांच्या बस लागलेल्या, शहाळी फुटत होती, पोरं वाळूत उंटावर बसून किंचाळत होती. आत गाभाऱ्यासमोर या चौघांना श्वास घ्यायलाही भीती वाटत होती.

"गाऱ्हाणं नीट झालं नाही," उत्तम गुरवाला म्हणाला. "मुलाचं आडनाव घेतलंच नाहीत तुम्ही. परत लावा."

गुरवाने आडनाव घालून परत गाऱ्हाणं घातलं. "होय महाराजा!" उत्तम दणक्यात म्हणाला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग पाकळी सुटली. पुन्हा उजवीच.

"पप्पा, झालं ना आता?"

"तू गप बस. तिसऱ्यांदा लावा हो. देवी माझी परीक्षा बघतेय."

वा रे भक्त! देवी हो म्हणाली की याला ऐकूच येत नाही.

नवऱ्यासमोर बोलायची जयाची सवय कधीच मोडली होती. डाव्या कानाने तिला ऐकूही येत नाही. रुचिता पोटात होती तेव्हा भाजीत मीठ जास्त पडलं, आणि उत्तमची एकच थप्पड त्या कानावर बसली. तेव्हा ती माहेरी निघून गेलेली. आईने चार दिवस जेवू घातलं आणि पाचव्या दिवशी परत आणून सोडलं. म्हणाली, "देवीने उजवा कौल देऊन दिलेला नवरा आहे तो. त्याला सोडून देवीला काय तोंड दाखवशील?" जयाला ते पटलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा ताट भिंतीवर आदळलं, तेव्हा तिने देवीचं नाव घेतलं आणि फडकं घेऊन भिंत पुसली. देवीने काहीतरी बघूनच दिला असेल, एवढीच समजूत तिच्यापाशी होती.

तिसऱ्यांदा डावी पडली.

"बघा!" उत्तमने मोठ्याने हात जोडले. "देवीचा शब्द. आता त्या पोराचं नाव माझ्या घरात निघता कामा नये."

रुचिता खांबाला टेकून हुंदके द्यायला लागली. गंगुबाईला राहवलं नाही. नातीवर तिची माया होती. जयाला ओलांडून तिने नातीच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको गो बाय. देवीचं हे असंच असतं. तुझ्या बापाच्या लग्नाच्या वेळीसुद्धा पहिले दोन्ही कौल डावेच पडलेले. पण तुझी आई मला पसंत होती ना. गुरवाला म्हटलं, परत लाव. तिसरा आला उजवा. मग झाला का नाही संसार?"

"आई, काय बडबडतेस?" उत्तम ओरडला.

पण गंगुबाई जयाच्या उजव्या बाजूला बसली होती. जयाला शब्दन् शब्द ऐकू आला.

"डावे पडले होते?" तिने विचारलं.

"अगं, जुनी गोष्ट ती..."

"दोन्ही डावे?"

गंगुबाईने मान खाली घातली. जयाला आधी हसूच आलं. मग संताप आला. देवी बिचारी दोनदा नको नको म्हणाली होती. आणि ही सगळी वर्षं त्याच देवीच्या नावाने ती भिंती पुसत बसली होती.

ती उठली. "रुचिता, डोळे पूस. तुझं उत्तर तिने पहिल्यालाच दिलंय. सूरजला फोन लाव."

"ए, तुझं डोकं फिरलंय काय?" उत्तम म्हणाला. "चल, गाडीत बस."

जया गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. "गुरवकाका, अजून एक कौल लावा."

"आता कुणाचा, ताई?"

"माझा. देवीला विचारा, या माणसाबरोबर मी दिव्याला परत जाऊ का?"

दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. उत्तमचा चेहरा पांढरा पडला. "जया, लोक बघतायत गं," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात.

गुरवाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा जयाकडे. मग पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या खांद्यांना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "होय महाराजा" म्हणायला उत्तमचं तोंड उघडेना. मागून रुचिताच म्हणाली, "होय महाराजा."

"आणि काका," जया म्हणाली, "एकदाच लावायचा."