ऑफसाइड

जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या अधिकृत व्हिडिओ गेमसाठी समालोचक मोरिता स्टुडिओत खेळाडूंची नावं ध्वनिमुद्रित करत होते. प्रत्येक नाव आधी साधं, मग गोल झाल्यासारखं. लक्ष मात्र फोनकडे होतं. त्यांच्या मुलाच्या, याच लीगमध्ये खेळणाऱ्या केंताच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया चालू होती.

मग केंताचंच नाव आलं. साधं नाव झालं, पण गोलच्या वेळी ते अर्ध्यावरच थांबून फोन बघू लागले.

"हे उद्या घेऊ," तंत्रज्ञ म्हणाली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "शुद्धीवर आलाय. पुन्हा खेळेल की नाही, डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. तो विचारतोय, बाबांनी माझं नाव घेतलं का?"

फोन चालू ठेवूनच मोरिता माइकसमोर ओरडले, "गोल! केंताचा गोल!"

पलीकडून गुंगीतला आवाज आला, "बाबा, ऑफसाइड नव्हता ना?"