पेशी चालल्या

भुवनाच्या प्रयोगात प्रथिनाचा इशारा मिळताच पेशींनी पसरून, पाय काढून पुढे सरकायला हवं होतं. पण सात महिने त्या गोळा होऊन मरत होत्या. शेजारच्या टेबलावरची नागवेणीअक्का तिला डब्यातला चित्रान्न-भात भरवी, जवळ घेई. "संशोधनाचा हा विषय सोड, वेडे," म्हणे. सोमवारी भुवनाच्या बाटलीतलं पेशींना घालायचं पोषकद्रव्य तळाला गेलं, म्हणून तिनं न विचारता अक्काच्या बाटलीतलं घेतलं. मंगळवारी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पसरून चक्क चालत होत्या! "अक्का, धावत ये!" अक्कानं डोकावून पाहिलं. तिचा चेहराच उतरला. "माझी बाटली वापरलीस?" बाटलीचं भुवनानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मग अक्कानं कसं ओळखलं? "माझ्या बाटलीत काय घालत होतीस?" "आपला विषय एकच. तुझं संशोधन आधी छापून आलं असतं, तर माझी पाच वर्षं वाया..." "मग माझे डोळे कशाला पुसायचीस?" आपली बाटली उचलून भुवना मार्गदर्शक सरांकडे निघाली.