उमेदवाराची बायको

हेस्टरचे बाबा पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे होते, म्हणून आई पोरांना घेऊन मतं मागायला निघाली. तिकडे दर गावी पक्षाचा रंग वेगळा; आजोबांच्या गावात बाबांच्या पक्षाचा पिवळा, म्हणून इथेही तोच असेल असं धरून तिने सगळ्यांना पिवळ्याधमक रिबिनी बांधल्या. घरोघरी काय ते स्वागत! "या बाईसाहेब, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही!" आई आत बोलत बसे, पोरं अंगणात केकवर ताव मारत.

सातव्या घरानंतर हेस्टरला भिंतीवर बाबांचं पत्रक दिसलं. निळंशार!

"आई गं, घात झाला! इथे पिवळे म्हणजे विरोधक!"

"दुसऱ्याच घरात कळलं मला ते."

"आणि तरी पुढे गेलीस?"

"सातही घरं पिवळ्यांची, आणि माझं ऐकून सातांनीही मताचा शब्द दिलाय, तुझ्या बाबांना. वेडाबाई, निळं लेवून आलो असतो तर कुणी दार तरी उघडलं असतं का?"