एकट्याचं हसू

मी दातांच्या कवळ्या बनवतो. साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत हाताला काम नसतं, म्हणून मोबाइलवर विज्ञानाच्या एका ग्रुपात डोकावतो. तिथे सगळे अनोळखी आणि एकजात दीडशहाणे.

त्या दुपारी विषय होता, माणूस का हसतो. स्वतःच स्वतःला 'प्रोफेसर' म्हणवणाऱ्या एका महाभागाने अक्कल पाजळली, "हसायला सोबत लागते. एकटा माणूस खदाखदा हसूच शकत नाही."

मी लिहिलं, "मी खोलीत एकटाच आहे आणि तुमच्या अकलेवर खदाखदा हसतोय." खरंच हसत होतो.

लगेच उत्तर आलं, "मग तिथे आणखी कुणीतरी असणार."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! खोलीत कोण असणार? समोरच्या फळीवर तयार कवळ्या तेवढ्या ओळीने मांडलेल्या. मला आणखीच हसू फुटलं.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, कोण आलंय? चहा किती जणांचा टाकू?"

"कोणी नाही गं! मी एकटाच हसतोय."

"काहीतरीच! मला काय दोन आवाज कळत नाहीत?"

हिचे कान म्हणजे त्या प्रोफेसराची अक्कल. म्हटलं, एकदा दाखवूनच देऊ. "ऐक," असं ओरडून मी मुद्दाम मोठमोठ्याने हसलो आणि मध्येच तोंड गच्च मिटून घेतलं.

हसू मात्र जरा उशिराने थांबलं.