रिपोर्ट बंद

शनिवारी भाग्यश्री राजारामपुरीत माहेरी आली, तेव्हा वडील कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटानं टाइप करत होते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला होता आणि 'काय झालं ते कळवा' अशी चौकट उघडली होती. आण्णांनी तिच्यात लिहिलं होतं, 'नमस्कार. सकाळी जैन बस्तीत भगवंतांचं दर्शन घेऊन आलो. दूध तापवून बातम्या वाचायला बसलो, तर हे बंद पडलं. माझं काही चुकलं असल्यास क्षमा असावी.'

"आण्णा, तिकडं कोण बसलंय हे वाचायला?" तिला हसू आवरेना.

"एवढ्या अगत्यानं विचारत्यात, मग सांगायला नको व्हय?"

तिनं सेटिंगमध्ये जाऊन रिपोर्ट पाठवणंच बंद करून टाकलं. "आता कुणी विचारणार नाही. बसा निवांत." आणि चहा घेऊन ती घाईनं निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा कॉम्प्युटरसमोरच्या त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. छातीत बरेच दिवस दुखत असणार, असं डॉक्टर म्हणाले.

"आमाला तर कधी बोलले न्हाईत की," शेजारच्या रत्नाबाई म्हणाल्या.

भेटायला आलेले सगळे परतल्यावर भाग्यश्री रिकाम्या खुर्चीपाशी खाली बसली.



"आण्णा, कुठं दुखतंय?"